बंटसाठी बॅट आडवी धरली, पण चेंडू लागला नाही: स्ट्राइक की बॉल?

प्रश्न: क्रीडाशिक्षक, खानापूर

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्याकडे मुले क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो खेळतच मोठी होतात. बेसबॉलचा संघ मात्र अलीकडे उभा राहिला आहे आणि नियमांच्या बाबतीत मुले माझ्यावरच विसंबून असतात. बेळगावातील एका आंतरशालेय सामन्यात बंटच्या (बॅट न फिरवता चेंडूला नुसती लावून तो हळू सरकवण्याच्या) संदर्भात तीन निर्णय झाले. तिन्हींबद्दल मुलांनी मला प्रश्न विचारले आणि त्यांना नीट आधार देऊन उत्तर द्यावे, अशी माझी इच्छा आहे.

पहिला प्रसंग असा. पहिल्या बेसवर आमचा धावपटू होता आणि कोणी बाद झाले नव्हते. बॅटरने बंटसाठी दोन्ही पाय पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, वळवून बॅट होम प्लेटवर (बॅटरजवळच्या जमिनीवरील पाटीवर) आडवी धरली. चेंडू हनुवटीच्या उंचीवर आला. मुलाने मान खाली घातली, गुडघे वाकवले, पण बॅट मागे ओढली नाही. ती होती तिथेच राहिली आणि चेंडू तिच्यावरून प्लेटमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेला. पंचांनी स्ट्राइक दिला, म्हणजे चेंडू बॅटरच्या विरोधात मोजला (असे तीन झाले की तो बाद). विचारल्यावर ते म्हणाले, “बॅट प्लेटवर होती, मागे घेतली नाही, म्हणजे प्रयत्न झाला.”

दुसऱ्या प्रसंगात दोन स्ट्राइक झालेले असताना आमच्याच मुलाने बंट केला, चेंडू पहिल्या बेसकडे जाणाऱ्या फक्कीच्या रेघेबाहेर गेला आणि त्याला बाद ठरवण्यात आले. फाउलवर तिसरा स्ट्राइक होत नाही असे मुलांच्या मनात पक्के बसले असल्यामुळे त्यांना हा अन्याय वाटला.

तिसऱ्या वेळी समोरच्या संघाच्या बॅटरला बंट करताना चेंडू बोटांवर लागला आणि मैदानात घरंगळला. आमच्या मुलाने तो उचलून पहिल्या बेसवर फेकला, तोवर पंचांनी हात वर करून खेळ थांबवला होता. बॅटर बेस मिळेल म्हणून निघाला, तर पंचांनी त्याला परत बोलावून स्ट्राइक दिला.

पंचांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. बंटच्या वेळी पंच नेमके काय पाहतात आणि कोणत्या क्रमाने ठरवतात, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

उत्तर १: निवृत्त पंच, टिळकवाडी

सर, आपण प्रसंग इतके नेमके लिहिले आहेत की उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते दुसरा आणि तिसरा निर्णय बरोबर होता. पहिला बेसबॉलच्या नियमाला धरून नव्हता. आधी पहिल्याबद्दल लिहितो, कारण खरा गुंता तिथेच आहे.

पंचांनी प्रत्येक चेंडूला दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. चेंडू स्ट्राइक झोनमधून, म्हणजे प्लेटवरच्या ठरावीक उंची-रुंदीच्या जागेतून, गेला का, हा पहिला प्रश्न. गेला असेल तर बॅटरने बॅट धरली, ओढली किंवा खांद्यावरच ठेवली, तरी तो स्ट्राइकच आहे आणि प्रयत्नाचा विचार करण्याची गरज उरत नाही. चेंडू झोनबाहेर असेल तरच दुसरा प्रश्न येतो: बॅटरने तो मारण्याचा प्रयत्न केला का? केला आणि चेंडू हुकला तर स्ट्राइक, नाही केला तर बॉल. आपल्या मुलाच्या वेळी चेंडू हनुवटीपाशी होता, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘नाही’ होते आणि सगळा निर्णय दुसऱ्या प्रश्नावर येऊन ठेपला.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. बंटची व्याख्या अशी आहे की बॅट न फिरवता, जाणूनबुजून चेंडूला लावून, तो इन्फिल्डमध्येच, म्हणजे बेसांच्या आतल्या भागातच, हळू सरकवणे म्हणजे बंट. फिरवण्याची क्रियाच नसल्यामुळे ‘बॅट किती फिरली’ हे माप इथे लागू होत नाही. मग पाहायचे काय? बॅट चेंडूकडे गेली का, हे पाहायचे. बॅट कुठे आहे यावरून प्रयत्न ठरत नाही. ती चेंडूच्या दिशेने हलली का, यावरून ठरतो. बेसबॉलमध्ये हाच अर्थ रूढ आहे आणि अमेरिकेतील शालेय बेसबॉलमध्येही बॅट नुसती झोनमध्ये धरून ठेवणे हा बंटचा प्रयत्न मानला जात नाही. म्हणून ‘मागे घेतली नाही, म्हणजे प्रयत्न झाला’ असे म्हणणे म्हणजे नियमाने बॅटरवर न टाकलेली जबाबदारी त्याच्यावर टाकणे होय. प्रयत्न झाला हे पंचाच्या डोळ्यांना दिसले पाहिजे. तो झाला नाही हे सिद्ध करणे बॅटरचे काम नाही.

यात खरी अडचण कुठे येते, तेही सांगतो. चांगला बंट करणारा खेळाडू बॅट चेंडूवर ढकलत नाही. वरच्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत बॅटचा जाड भाग मागून धरतो आणि चेंडू लागताना बॅट किंचित मागे सोडतो, म्हणजे चेंडूचा जोर मरतो आणि तो होम प्लेटच्या पुढे चार पावलांवर थांबतो. त्यामुळे बॅट थोडी मागे आलेली दिसली म्हणून बॅटरने चेंडू सोडला, असे दर वेळी म्हणता येत नाही. उलट काही मुले बॅट मागे ओढतात, पण चेंडू निघून गेल्यावर; ती ओढ निरुपयोगी आहे, कारण चेंडू प्लेटवर असताना बॅट त्याचा पाठलाग करत होती. म्हणून मी नवख्या पंचांना नेहमी सांगत आलो आहे की बॅटचे टोक चेंडूच्या मागे गेले का, ते पाहा. चेंडू वर चढला आणि बॅटही वर चढली, चेंडू बाहेर वळला आणि बॅटर कंबरेतून त्याच्याकडे झुकला, तर तो प्रयत्न आहे. चेंडू वर गेला, मान खाली गेली आणि बॅट जागेवरच राहिली, तर तो बॉल आहे. आपण वर्णन केलेला प्रसंग हा दुसऱ्या प्रकारचा आहे.

क्रिकेट जाणणाऱ्या मुलांना हे चटकन पटेल, कारण तिथेही लेग-बाय देताना फलंदाजाने बॅटने चेंडू खेळण्याचा किंवा चेंडूपासून वाचण्याचा प्रयत्न केला होता का, हे पंचालाच ठरवावे लागते.

स्ट्राइक झोनबद्दलही एक मुद्दा. बंट करताना बॅटर खाली वाकतो आणि वाकल्यामुळे झोन लहान झाला असे पुष्कळ जण मानतात. तसे नाही. बॅटर चेंडू मारण्याच्या पवित्र्यात उभा असताना जी उंची असते, तिच्यावरून झोन ठरतो: खांद्यांचा वरचा भाग आणि पँटचा वरचा काठ यांच्या मध्यावर वरची रेषा, आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या खोलगट भागापाशी खालची रेषा. रुंदी होम प्लेटची, म्हणजे १७ इंच. चेंडूचा कोणताही भाग या जागेच्या कोणत्याही भागातून गेला की स्ट्राइक. म्हणजे वाकलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोरून गेलेला चेंडूही, तो सरळ उभा असताना छातीखाली आला असता, तर स्ट्राइक असू शकतो. पंचाने बॅटर वाकण्यापूर्वीच त्याचा झोन मनात धरून ठेवायला हवा.

दुसरा प्रसंग सरळ आहे. दोन स्ट्राइक झाल्यावर साधा फाउल मोजला जात नाही, पण बंट फाउल गेला तर तो तिसरा स्ट्राइक ठरतो आणि बॅटर बाद होतो. यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही बॅटर मुद्दाम एकामागून एक चेंडू बंट करून फाउल घालवत आणि पिचरला दमवत. त्यामुळे १८९४ मध्ये फाउल बंटला स्ट्राइक ठरवण्यात आले. इतर फाउल पहिल्या दोन स्ट्राइकांसाठी मोजायला अमेरिकेतील नॅशनल लीगने १९०१ मध्ये आणि अमेरिकन लीगने १९०३ मध्ये सुरुवात केली. म्हणजे फाउल बंटची शिक्षा साध्या फाउलच्या शिक्षेपेक्षा जुनी आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

मात्र एक फरक त्यांच्या लक्षात राहायला हवा. दोन स्ट्राइकांवर बंटचा प्रयत्न करून चेंडू पूर्ण हुकला आणि कॅचरच्याही हातून सुटला, तर पहिला बेस रिकामा असल्यास किंवा दोन जण बाद असल्यास बॅटर पहिल्या बेसकडे धावू शकतो. फाउल बंटवर ती सोय नाही. तिथे तो बाद झालेलाच असतो. फाउल गेलेला बंट हवेतच झेलला गेला तर बॅटर झेलबाद होतो आणि चेंडू चालू राहतो, त्यामुळे धावपटूंनी सावध असावे.

उत्तर २: कॅचर, निपाणी

तिसऱ्या प्रसंगाबद्दल मी लिहितो, कारण कॅचर म्हणून प्लेटमागे बसल्यावर हे अगदी हाताच्या अंतरावर दिसते. क्रिकेटमध्ये बॅट धरलेला हात बॅटचाच भाग मानतात, म्हणून आपल्याकडची मुले बेसबॉलमध्येही तेच गृहीत धरतात. बेसबॉलमध्ये हात हा बॅटरच्या शरीराचा भाग आहे. चेंडू आधी बोटांना लागला की त्याच क्षणी खेळ थांबतो, मग तो पुढे कुठेही घरंगळो. त्यानंतर पंच पाहतात की बॅटर त्या चेंडूवर बॅट लावायला गेला होता का. गेला असेल तर स्ट्राइक, आणि तो तिसरा असेल तर बाद. बेस मिळत नाही. प्रयत्न नसेल, चेंडू झोनबाहेर असेल आणि बॅटरने तो चुकवायचा प्रयत्न केला असेल, तर मात्र पहिला बेस मिळतो.

पंचांना इथे कान उपयोगी पडतात. बॅटला लागलेल्या चेंडूचा आवाज कोरडा आणि टणक असतो, बोटांना लागलेल्याचा बसका असतो. आणि बोटाला लागले असेल तर मुलगा धावण्याआधी हात झटकतो. हे सगळे निमिषार्धात घडते, म्हणून प्लेटमागच्या पंचांनी लगेच दोन्ही हात वर करून खेळ थांबवणे योग्यच होते. आपल्या मुलाने चेंडू उचलून फेकला यातही काही चूक नाही. पंचांची खूण होईपर्यंत खेळत राहायला त्याला शिकवलेच पाहिजे.

मुलांना बंट शिकवताना वरच्या हाताची बोटे बॅटच्या पुढच्या बाजूला येऊ देऊ नका, एवढे मात्र कळकळीने सांगतो. चिमटी मागून असावी आणि मूठ बंद असावी. नखावर बसलेला चेंडू मुलाला पुढचे कितीतरी दिवस वही-पेन धरू देत नाही.

प्रश्नकर्ता: क्रीडाशिक्षक, खानापूर

दोघांचेही मनापासून आभार. आता दोन शंका उरतात. पहिल्या प्रसंगात आम्ही बेसवरच्या पंचांना विचारण्याची विनंती करू शकलो असतो का? आणि दुसरे असे की, तेच पंच सकाळी मुलींच्या सॉफ्टबॉलच्या सामन्यालाही उभे होते. सॉफ्टबॉलमध्ये हा नियम वेगळा आहे काय?

उत्तर ३: सॉफ्टबॉल प्रशिक्षक, चिकोडी

आपल्या दुसऱ्या शंकेतच उत्तर दडलेले असण्याची दाट शक्यता आहे. सॉफ्टबॉल चालवणाऱ्या संस्था अनेक आहेत आणि सगळ्यांची नियमावली एकसारखी नाही, परंतु अमेरिकेतील शालेय सॉफ्टबॉलच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे की बॅट स्ट्राइक झोनमध्ये धरून ठेवणे हाच बंटचा प्रयत्न समजावा, आणि चेंडू सोडायचा असेल तर बॅट मागे, चेंडूपासून दूर ओढून घ्यावी. आपल्या पंचांनी दिलेले कारण जवळजवळ याच शब्दांत आहे. दोन्ही खेळांना एकच माणूस उभा राहिला की एका खेळाची सवय दुसऱ्यात उतरते.

सॉफ्टबॉलचा हा नियम मला व्यक्तिशः अधिक न्याय्य वाटतो, आणि इथे टिळकवाडीच्या सरांशी मी थोडा असहमत आहे. सॉफ्टबॉलमध्ये पिचर अधिक जवळ असते, चेंडू लवकर येऊन पोहोचतो आणि बॅट दोन बोटे हलली की नाही, हे कॅचरच्या खांद्यावरून वाकून पाहणाऱ्या पंचाला कळणे फार कठीण असते. ‘मागे घेतली का’ हे मात्र सर्वांना दिसते. पंचाला, प्रशिक्षकाला आणि कट्ट्यावर बसलेल्या पालकांनाही. मुलींना मी पहिल्या दिवसापासून हेच शिकवते की चेंडू नको असेल तर बॅट इतकी मागे घ्या की कोणाला शंकाच राहू नये. आपल्या बेसबॉलच्या मुलांनाही ही सवय लावली तर त्यांचे नुकसान काहीच नाही.

दोन्ही खेळांना समान असलेली आणखी एक बाब म्हणजे बॅटरच्या चौकटीची. बंट करून लगेच धावायच्या घाईत मुले एक पाय चौकटीबाहेर, कधी थेट प्लेटवरच टाकतात. बेसबॉलमध्ये चेंडू बॅटला लागला त्या वेळी एक जरी पाय पूर्णपणे चौकटीबाहेर जमिनीवर असेल, तर बॅटर बाद आणि धावपटू मागे. रेघ चौकटीतच धरतात, म्हणून पायाचा थोडा भाग रेघेवर असला तरी चालते. आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगपर्यंत फक्की बुटांनी पुसून जाते, पावसाळ्यात तर झिमझिम सुरू होताच ती चिखलात मिसळते, आणि मग पंच अंदाजाने निर्णय देतात. दर दोन इनिंगनंतर चौकट पुन्हा आखून घ्या, असा आग्रह आयोजकांकडे धरावा.

उत्तर ४: निवृत्त पंच, टिळकवाडी

चिकोडीच्या मॅडमचा शिकवण्याचा सल्ला मला पूर्ण मान्य आहे. मुलांनी बॅट स्पष्ट मागे घ्यावीच. परंतु एखादी चांगली सवय पाळली नाही म्हणून नियमात नसलेला स्ट्राइक देता येत नाही, एवढ्या मुद्द्यावर मी ठाम आहे. प्रत्येक खेळाने आपली व्याख्या जशी लिहिली आहे, तशी ती राबवली पाहिजे.

आता आपली पहिली शंका. बेसवरच्या पंचांना विचारण्याची सोय नियमात आहे, पण ती एकाच बाजूने चालते. प्लेटमागच्या पंचांनी ‘बॉल’ दिला असेल, तर कॅचर किंवा क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा व्यवस्थापक ‘बॅटर गेला होता का, सहकाऱ्याला विचारा’ अशी विनंती करू शकतो. ‘स्ट्राइक’ दिला असेल तर बॅटरच्या बाजूने अशी विनंती करता येत नाही. त्यामुळे आपल्या प्रसंगात ती वाट बंद होती. नियमाचे शब्द अर्धवट फिरवलेल्या बॅटविषयी आहेत, परंतु बंटच्या प्रयत्नाबाबतही हीच विचारणा होताना दिसते. चार पंच असतील तर उजव्या हाताच्या बॅटरसाठी पहिल्या बेसच्या आणि डावखुऱ्यासाठी तिसऱ्या बेसच्या पंचांना विचारतात, कारण बॅटचा पुढचा भाग त्यांना समोरून दिसतो. आपल्या शालेय सामन्यांत बहुधा दोनच पंच असतात; तिथे बेसवरचा एकटा पंच जिथे उभा असेल तिथूनच सांगतो. अशा विचारणेत बॉलचा स्ट्राइक होऊ शकतो आणि चेंडू चालूच असतो, हे धावपटूंना बजावून ठेवा.

तरीही प्रशिक्षकाला एक गोष्ट सभ्यपणे करता आली असती. बॅट हलली की नाही, हा पंचांच्या पाहण्याचा प्रश्न आहे आणि त्यावर वाद घालता येत नाही. पण पंचांनी कारण सांगताना ‘मागे घेतली नाही म्हणून’ असे म्हटले, तेव्हा तो नियमाच्या अर्थाचा प्रश्न झाला. अशा वेळी प्रशिक्षकाने पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी वेळ मागावी, शांतपणे जवळ जावे आणि ‘साहेब, बेसबॉलमध्ये बॅट चेंडूकडे जावी लागते ना?’ एवढेच विचारावे. एकदा पुढचा चेंडू पडला की त्या चर्चेला अर्थ राहत नाही.

यंत्राने हा प्रश्न सुटेल का, असेही कोणी विचारेल म्हणून थोडे लिहितो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये २०२६ च्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देण्याची पद्धत आली आहे. प्रत्येक संघ दोन आव्हानांनिशी सामना सुरू करतो आणि ती फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनाच देता येतात. पण ते यंत्र चेंडू झोनमधून गेला का, एवढ्याच पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. अर्धवट फिरवलेल्या बॅटसाठीही २०२५ मध्ये फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये बॅट ४५ अंशांच्या पुढे गेली का, हे मोजण्याचा प्रयोग झाला. बंटमध्ये बॅट फिरवायचीच नसते, ती नुसती आडवी धरलेली असते, त्यामुळे ही मोजपट्टी बंटला कशी लावणार, हे मला तरी दिसत नाही. तिथे अजून प्लेटमागच्या माणसाचे डोळेच कामाला येतात.

त्या डोळ्यांसाठी जागा महत्त्वाची. बॅटर बंटसाठी वळला की कॅचरही चेंडूवर झेप घ्यायला अर्धा उठतो आणि पंचाच्या समोर त्याचे डोके येते. म्हणून पंचाने कॅचरच्या मागे सरळ न राहता बॅटर आणि कॅचर यांच्या मधल्या फटीत उभे राहावे, डोके स्थिर ठेवावे, चेंडू केवळ डोळ्यांनी ग्लोव्हपर्यंत न्यावा आणि मगच निर्णय द्यावा. प्रयत्न झाल्यामुळे स्ट्राइक देत असेल तर बॅटरकडे बोट दाखवून ‘गेला’ असे स्पष्ट म्हणावे, म्हणजे स्ट्राइक झोनमुळे आहे की प्रयत्नामुळे, हे दोन्ही संघांना त्याच क्षणी कळते. आपल्या पहिल्या प्रसंगात तसे झाले असते, तर मुलाला निदान आपण कशासाठी स्ट्राइक खाल्ला ते समजले असते.

पुढच्या सामन्याआधी प्लेटपाशी दोन्ही प्रशिक्षक आणि पंच जमतात, तेव्हा हा एक मुद्दा आपणच काढा: सामना कोणत्या नियमावलीने खेळायचा आणि आडवी धरलेली बॅट न हलवता चेंडू सोडला तर निर्णय काय. समोरचा संघ कन्नड माध्यमाच्या शाळेचा असेल तर त्यांच्या प्रशिक्षकांसमोर, त्यांनाही समजेल अशा भाषेत ते बोलून घ्यावे. सामना सुरू होण्यापूर्वी मिळालेले उत्तर आपल्या मनाप्रमाणे नसले, तरी मुलांना बॅट मागे घ्यायला सांगण्याएवढा वेळ आपल्या हातात असतो.